टेकताक्षणी इंजिनाला पूर्ण जोर

विमान उतरवायचे म्हणजे इंजिनाचा जोर कमी करायचा, असेच आपण धरून चालतो. विमानवाहू जहाजावर मात्र चाके डेकला टेकताक्षणी जेट विमानाचा वैमानिक इंजिनाला पूर्ण जोर देतो. जुन्या ‘विक्रांत’वर विमान अडवणाऱ्या तारांच्या तुकडीत मी होतो. नवीन आलेला प्रत्येक जण हे पाहून बुचकळ्यात पडायचा.

कारण साधे आहे. विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवरच्या आडव्या तारेत अडकला, तर विमान शंभरेक मीटरच्या आत थांबते. नाही अडकला, तर त्याच क्षणी पुन्हा झेप घ्यावी लागते. जेट इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात डेक संपलेला असतो.

तारेची टोके डेकखालच्या यंत्राला जोडलेली असतात. येणाऱ्या विमानाच्या वजनाप्रमाणे ते लावून घ्यावे लागते. यंत्र जड विमानासाठी लावले आणि हलके आले, तर झटक्याने विमानाचीच मोडतोड व्हायची. उलट झाले, तर विमान थांबण्याआधी डेक संपायचा. ‘बहुतेक सी हॉक असेल’ असे बोलण्याची आमच्याकडे सोय नव्हती!

आता समुद्र खवळला आहे असे समजा. जहाजाचे नाक लाटेत खाली गेले, की मागची बाजू वर उचलली जाते, आणि विमान येते ते मागूनच. ते थोडे खाली राहिले, तर डेकच्या कडेवरच आदळायचे. म्हणून वैमानिकाने वरखाली होणाऱ्या डेककडे पाहून विमान हलवायचे नसते. त्याने दिवा पाहायचा. ही युक्ती ब्रिटिश नौदलातल्या निकोलस गुडहार्ट यांची, १९५१ची. तेव्हा आरसा होता, पुढे भिंगे आली. प्रकाशाचा गोळा हिरव्या दिव्यांच्या रेषेत दिसला, तर उतरण्याचा कोन बरोबर. रेषेच्या खाली दिसला, तर विमान खाली आहे. जहाज डोलले तरी हा प्रकाश स्थिर ठेवायची सोय असते, पण तिलाही मर्यादा आहे. मग डेकच्या कडेला उभा असलेला अनुभवी वैमानिक रेडिओवरून सांगतो. तो ‘परत जा’ म्हणाला, की वाद नाही.

परत जाण्यात इंधन जळते. जमीन दूर असेल, तर पुढच्या खेपेचे दडपण आणखी वाढते. रात्री तर क्षितिजही नसते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी वैमानिकांचे हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते बॉम्बफेकीपेक्षा जहाजावर उतरताना जास्त भरले. मला त्याचे नवल वाटले नाही.

कमोडोर जयदीप मावळंकर यांनी ११ जानेवारी २०२० रोजी ‘तेजस’चे नौदलासाठीचे रूप ‘विक्रमादित्य’वर उतरवले. त्याआधी, सप्टेंबर २०१९मध्ये, या विमानाने गोव्यात ‘हंसा’ तळावर जमिनीवरच्या तारेत आकडा अडकवून पाहिला होता. ती धावपट्टी सगळे शिकवते. फक्त हलत नाही.