गोळीखालचा पारदर्शक थर

पिनबॉल यंत्राच्या काचेखाली चित्रांनी आणि दिव्यांनी भरलेली जी उतरती फळी असते तिला प्लेफील्ड म्हणतात. ही फळी साधारण १३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असून तिच्या वरच्या अंगाला बहुधा मॅपल या टणक लाकडाचा व्हिनिअर असतो. त्यावर शाईने चित्र छापतात आणि चित्रावर पारदर्शक लेप चढवतात. खेळातली पोलादी गोळी २७ मिलिमीटर व्यासाची आणि ८० ग्रॅम वजनाची असते. ती धावते लाकडावर नव्हे, शाईवरही नव्हे, तर या लेपावर. पंधरा-वीस वर्षांनी यंत्र देखणे राहणार की चित्रातून उघडे लाकूड डोकावणार, हे बरेचसे या लेपावरच ठरते.

आधुनिक यंत्रात फळीचा उतार सुमारे साडेसहा अंशांचा ठेवतात. स्वच्छ, गुळगुळीत गोळी नुसती घरंगळत असेल तर पृष्ठभाग फारसा झिजत नाही. झीज होते ती गोळी घसरते तिथे. फ्लिपरने, म्हणजे खेळाडूच्या बटणावर हलणाऱ्या दांडीने, गोळीला फटका दिला की तिचा वेग एकदम बदलतो, पण तिचे फिरणे त्या वेगाशी लगेच जुळत नाही. ते जुळेपर्यंत गोळी लेपाला घासत जाते. म्हणून फ्लिपरसमोरचा पट्टा आधी उडतो. गोळी ज्या अरुंद वाटांनी वारंवार जाते त्यांचीही तीच गत. त्यातच फ्लिपर हलवणाऱ्या विजेच्या कॉइलमधल्या दांड्यांची धातूची पूड आणि रबराची भुकटी फळीवर साचते. गोळीवर खड्डे पडले असतील तर ती बारीक कानशीसारखेच काम करते.

या खेळाचे माहेर अमेरिकेतले शिकागो. तिथल्या गॉटलिब कंपनीने १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथम विजेवर चालणारे फ्लिपर बसवले. त्या काळी आणि पुढे कित्येक दशके फळीवर लॅकर मारत. लॅकर द्रावक उडून गेल्यावर सुकते. त्याच्या रेणूंमध्ये नवे बंध तयार होत नाहीत. त्यामुळे थर पातळ आणि ठिसूळ राहतो, काळाबरोबर पिवळा पडतो आणि तेच द्रावक लागले तर पुन्हा विरघळतो. लाकूड मात्र हवेतल्या ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते. ताठर लॅकरला ही हालचाल झेपत नाही, तंतूंच्या दिशेने उभ्या भेगा पडतात आणि त्यांत काळा मळ बसतो. या दोषाला जाणकार ‘प्लँकिंग’ म्हणतात. जुन्या फळीवर मेण लावत राहणे हाच काय तो इलाज होता. कॅरमवर बोरिक पावडर टाकतात तशीच ही सोय: घर्षण कमी, झीज कमी.

पुढे मायलर आले. ही पॉलिएस्टरची पारदर्शक, चिकट फिल्म. फ्लिपरसमोर किंवा गोळीला उडवणाऱ्या बंपरभोवती तिचे तुकडे लावत, काही यंत्रांत सगळी फळीच झाकत. घर्षणाला ती दाद देत नाही. पण कडेला धूळ जमते, खाली बुडबुडे धरतात, आणि जुनी फिल्म ओढून काढताना शाईही तिच्याबरोबर उपटून येऊ शकते. झीज थांबली, चित्र गेले, असा हा व्यवहार.

खरा बदल १९९० च्या सुमारास झाला. विल्यम्स कंपनीने ‘डायमंडप्लेट’ या नावाने दोन घटकांचा युरेथेन लेप आणला. १९९२ चे ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ हे वीस हजारांवर विकले गेलेले यंत्र याच पिढीतले. मोटारीच्या रंगावर मारतात तो क्लिअर कोट आणि आपल्याकडे फर्निचरवर होणारे टू-पॅक पीयू पॉलिश याच कुळातले. एका डब्यात पॉलिऑल, दुसऱ्यात आयसोसायनेटचा हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांच्यात युरेथेनचे बंध तयार होतात आणि सगळा थर आडव्या-उभ्या जोडण्यांनी बांधलेले एकच जाळे बनतो. तो नुसता सुकत नाही, पिकतो; म्हणून द्रावकाने परत विरघळतही नाही. शिवाय लॅकरपेक्षा तो चिवट असल्याने लाकडाची हालचाल बरीचशी सोसतो.

हार्डनर हाताळायला मात्र धोक्याचा. १९८४ मध्ये भोपाळला गळालेला मिथिल आयसोसायनेट हा याच गटातला. लेपातले आयसोसायनेट त्याच्याइतके सहज हवेत उडत नाहीत, पण फवारणीचा धुरळा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क ही इथे चैन नव्हे. आयसोसायनेट पाण्याशीही अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे दमट हवेत मारलेल्या थरात बारीक बुडबुडे अडकतात.

इतका चिवट थर असूनही नव्या फळीवर काही दिवसांतच बारीक खळगे दिसू लागतात आणि मालक हवालदिल होतात. गोळी सात सेंटिमीटरवरून पडली तर तिची ऊर्जा जेमतेम ०.०५ ज्यूल, पण ती टेकते सुईच्या डोक्याएवढ्या जागेवर, म्हणून दाब प्रचंड. दबते ते खालचे लाकूड, लेप फक्त त्याच्याबरोबर वाकतो. लेप घासण्यापासून वाचवतो, आघातापासून नाही. पुढे खळगे एकमेकांत मिसळून डोळ्यांना खुपेनासे होतात. लेप काचेसारखा कडक केला असता तर खळग्यांऐवजी तडे गेले असते.

खरे दोष वेगळे. घाईने जाड थर दिला आणि आतले द्रावक अडकले, तर लेप आतून मऊ राहतो. खांबांचे स्क्रू आवळले की तो दबून त्यांच्याभोवती वळ्या उठतात. दिव्यांवर बसवलेले प्लास्टिकचे इन्सर्ट लाकडाबरोबर फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या कडेला लेप सुटून दुधी कडे दिसते. जुनी फळी दुरुस्त करताना म्हणूनच इन्सर्ट आधी समपातळीत आणतात, उडालेला रंग भरतात, थरांमध्ये घासकाम करतात आणि शेवटच्या थराला पिकायला काही आठवडे देऊन मगच पाणी-पेपर आणि पॉलिश करतात.

आता अर्धा मिलिमीटर जाडीचे पारदर्शक प्लास्टिकचे पत्रेही मिळतात. ते फळीवर नुसते अंथरायचे असतात आणि झिजले की बदलायचे. मायलरची चिकटण्याची अडचण त्यात नाही, पण बसवण्यासाठी फळीवरचे बहुतेक सुटे भाग उतरवावे लागतात.