चरे काढताना रंग राखणे

कोल्हापूरच्या पूर्वेला, पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गालगत वसलेल्या करवीर तालुक्यातील उचगावच्या एका अंगाला गांधीनगरची घाऊक बाजारपेठ आहे, तर महामार्गाने उत्तरेला शिरोलीची आणि दक्षिणेला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे या पट्ट्यात वापरात असलेल्या जुन्या मोटारीच्या रंगाला रस्त्याची माती, फाउंड्रीची बारीक वाळू आणि गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी बगॅसची राख अशी तिहेरी धूळ सोसावी लागते. वाळू मुळात सिलिकाचीच असते आणि बगॅसच्या राखेतही सिलिकाचे प्रमाण मोठे असते. सिलिका मोटारीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असल्याने सकाळी घाईघाईने कोरडा फडका मारून बॉनेट पुसणारा मालक धूळ काढतो, तेव्हा तीच धूळ रंगावर घासतही असतो.

अशा घासण्यातून उमटणारे चरे इतके बारीक असतात की सावलीत ते दिसत नाहीत. उन्हात किंवा टॉर्चच्या झोतात मात्र प्रकाशबिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटतात. ही वर्तुळे प्रत्यक्षात नसतात. चरे सर्व दिशांना पसरलेले असतात, पण त्यांपैकी प्रकाशबिंदूभोवती विशिष्ट कोनात आडवे असलेले चरेच डोळ्याकडे प्रकाश परतवतात, म्हणून डोळ्याला गोल आकृती भासते आणि दिवा हलवला की ती त्याच्याबरोबर सरकते.

हे चरे काढायचे म्हणजे काय करायचे, हे समजण्यासाठी रंगाची जाडी लक्षात घ्यावी लागते. कारखान्यातून निघालेल्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. त्यांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. पॉलिशने चरा भरून निघतो, हा गॅरेजच्या दारात सर्रास ऐकू येणारा समज चुकीचा आहे, कारण चरा खऱ्या अर्थाने जातो तो त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा रंग खरवडून पृष्ठभाग पुन्हा सपाट केल्यावरच. म्हणजे हे काम वजाबाकीचे आहे आणि वजा करण्याजोगी शिल्लक अगदी तुटपुंजी आहे. शिवाय उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये क्लिअर कोटमध्येच असल्याने तो फार पातळ झाला की काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि मग पूर्ण पॅनेल रंगवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या मोटारींवर क्लिअर कोट नसे. रंग आणि चमक एकाच थरात असे, ज्याला पेंटर ‘सॉलिड कलर’ म्हणतात. अशा मोटारीवर पॉलिश करताना पॅडला मोटारीचाच रंग लागतो, त्यात घाबरण्याचे कारण नाही; वर्षानुवर्षे उन्हात फिका पडलेला, खडूसारखा झालेला वरचा पापुद्रा निघून खालचा ताजा रंग वर येतो, म्हणून पहिल्या हातातच थक्क करणारा फरक दिसतो. क्लिअर कोट असलेल्या मोटारीवर मात्र पॅडला रंग लागला, तर वरचा थर संपला असे समजून हात तिथेच थांबवावा लागतो.

प्रत्यक्ष कामाचा निम्मा भाग धुण्यातच जातो, आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. मोटार शाम्पूने धुऊन झाल्यावर रंगात रुतलेले लोखंडाचे व डांबराचे कण क्ले बारने, म्हणजे लुब्रिकंटचा फवारा मारून पृष्ठभागावर फिरवायच्या चिकट मातीसारख्या वडीने, काढले जातात. ही पायरी गाळली तर सुटलेला प्रत्येक कण पॅडखाली सापडून नवा चरा पाडतो. मग रबरी पट्ट्या, काळे प्लास्टिक आणि पॅनेलच्या धारा यांवर मास्किंग टेप चिकटवली जाते. धारांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि तिथेच तो सर्वांत आधी जळतो. बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड-दोन फुटांच्या चौकोनावर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोमचा पॅड आधी आजमावायचा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच एक पायरी कडक व्हायचे, हा जाणत्या कारागिराचा शिरस्ता असतो. सरसकट रबिंग कंपाउंडने सुरुवात करणारा वेळ वाचवतो, पण तो रंगाच्या आयुष्यातून.

बफिंग मशीन दोन प्रकारची असतात. रोटरीमध्ये पॅड एकाच आसाभोवती फिरतो, त्यामुळे ते झपाट्याने कापते, पण एका जागी क्षणभर जास्त थांबले तर उष्णतेने रंग भाजतो आणि कच्च्या हातात उन्हात चमकणारे पट्टे मागे ठेवते, ज्यांना धंद्यात ‘होलोग्राम’ म्हणतात. डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतानाच मध्यापासून किंचित सरकलेल्या कक्षेतही हलतो, त्यामुळे उष्णता कमी साठते आणि चूक सावरायला वाव मिळतो. पत्र्याच्या मानाने प्लास्टिकचा बंपर उष्णता वाहून नेत नसल्याने तिथे डीएसुद्धा हलक्या हातानेच चालवावे लागते. जुन्या मोटारीचे एखादे दार कधीकाळी पुन्हा रंगवलेले असण्याची शक्यता दाट असते, म्हणून जाडी मोजणारे मीटर आधी लावणे शहाणपणाचे. मूळ पत्र्यावर १२० मायक्रॉन दाखवणारे मीटर पुट्टी भरलेल्या जागी कित्येकशे दाखवते.

काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून घेण्याची रीत आहे, आणि कारागिराची पारख नेमकी इथे होते. अनेक पॉलिशांतील तेले चऱ्यांत साचून त्यांना तात्पुरते झाकतात, म्हणून ती पुसली नाहीत तर गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि दोन-तीन धुण्यांनंतर चरे पुन्हा डोके वर काढतात. वॅक्स असो वा सिरॅमिक कोटिंग, ते रक्षण करते, दुरुस्ती नव्हे. चरे न काढता वर कोटिंग मारले तर ते त्याखाली पक्के होऊन बसतात.

खंडेनवमीच्या पूजेनंतरचे पुसणे हा तर वेगळाच विषय आहे. झेंडूच्या हारांची दोरी बॉनेटवर दिवसभर घासते, हळद-कुंकू व अक्षता कोरड्याच झटकल्या जातात, आणि छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात कौतुकाने पाहणाऱ्या याच कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी असंख्य मोटारींवर नवी जाळी उमटतात. आधी पाण्याची धार सोडून मग ओला मायक्रोफायबर फिरवला तर त्यातला मोठा भाग टळतो.

नख अडकते एवढा खोल चरा पॉलिशने काढू नये, हा नियम जुन्या मोटारीला विशेष लागू पडतो. त्याच्या तळापर्यंत जायचे तर क्लिअर कोट संपेल. त्याऐवजी चऱ्याच्या दोन्ही कडा हलकेच बोथट केल्या, की प्रकाश तितक्या तीव्रतेने परतत नाही आणि चार-पाच फुटांवरून तो सहसा नजरेत भरत नाही. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र आधी टचअपचा रंग भरून गंज थोपवावा लागतो.