कंपन संदमन, स्तरित व बोल्टजोड धातुसंरचनांतील

कंपन पावणाऱ्या संरचनेतील यांत्रिक ऊर्जेचे मुख्यत्वे उष्णतेत रूपांतर होऊन परमप्रसर (मध्य स्थितीपासून होणारे महत्तम स्थानांतर) क्रमाक्रमाने घटण्याच्या क्रियेस संदमन म्हणतात. बाह्य प्रेरणेची कंप्रता संरचनेच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळल्यास अनुस्पंदन होते. अशा वेळी परमप्रसराला मुख्यतः संदमनच आवर घालते. ते अपुरे पडल्यास धातूला शिणवटा येऊन तडे जातात. म्हणून टरबाइनांची पाती, विमानांची कवचे व यंत्रांचे सांगाडे यांच्या अभिकल्पात त्यास महत्त्व आहे.

एकसंध पोलाद व ॲल्युमिनियम यांचा हानी गुणांक (एका आवर्तनात नष्ट होणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण दर्शविणारी संख्या) सामान्यतः ०·००१ पेक्षा कमी असतो. तेच पत्रे बोल्टांनी किंवा रिव्हेटांनी जोडल्यास तो ०·०१ च्या आसपासही जातो. बोल्टालगत दाब सर्वाधिक असल्याने तेथील पृष्ठभाग एकमेकांस चिकटून राहतात. दूरच्या कमी दाबाच्या भागात मात्र ते प्रत्येक आवर्तनात किंचित मागेपुढे घसरतात. घर्षणाविरुद्ध खर्ची पडणाऱ्या कार्याची उष्णता होते. मालमोटारीच्या स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पाट्यांतही हीच क्रिया घडते.

बोल्ट फार सैल असल्यास घर्षण अल्प असते, तर फार घट्ट आवळल्यास घसरणच थांबते. यामुळे महत्तम संदमन या दोहोंमधील एका विशिष्ट दाबाला मिळते. एल्. ई. गुडमन व जे. एच्. क्लम्प यांनी १९५६ मध्ये टरबाइनाच्या पात्यांच्या संदर्भात या घसरणीचे गणितीय विवेचन केले. मात्र घसरणीने पृष्ठभाग झिजतात व सांध्याची दृढता घटते. आडव्या दिशेच्या कंपनांनी नट आपोआप सैल होतात, हे जी. एच्. युंकर यांनी १९६९ मध्ये दाखविले. म्हणून भारवाहक सांधे पुरेसे घट्ट ठेवून संदमनाची सोय अन्यत्र करणे इष्ट ठरते.

अशी एक सोय म्हणजे दोन पत्र्यांमध्ये श्यान-स्थितिस्थापक बहुवारिकाचा पातळ थर बसविणे. पत्रे वाकताना या थरात कर्तन विकृती होऊन ऊर्जा शोषली जाते. ई. एम्. केर्विन यांनी १९५९ मध्ये याचे विश्लेषण मांडले. थंडीत बहुवारिक काचेसारखे कठीण व उष्णतेत मऊ होते; म्हणून वापराचे तापमान पाहूनच त्याची निवड करतात.