लेक इंग्लंडात बाळंत होणार

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. पण आता कित्येक लेकी परदेशी राहतात. प्रत्येकीला माहेरी येणे जमत नाही. दिवस भरत आले की विमानातही घेत नाहीत. पोटात एकच बाळ असेल, तर बहुतेक विमान कंपन्या ३६ आठवड्यांपर्यंतच नेतात. २८ आठवड्यांनंतर डॉक्टरची चिठ्ठी मागतात. म्हणून बाळंतपण कुठे करायचे, हे आधीच ठरवावे. ते इंग्लंडात व्हायचे असेल, तर काय तयारी लागते ते पाहू.

नाव लवकर नोंदवा

इंग्लंडात १९४८ सालापासून सरकारी आरोग्यसेवा आहे. दिवस राहिले असे कळताच लेकीने तिथे नाव नोंदवावे. पहिली तपासणी दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी. तिथे साधे बाळंतपण डॉक्टर करीत नाही, मिडवाइफ करते. मिडवाइफ म्हणजे शिकून तयार झालेली सुईण. "डॉक्टर का येत नाही?" म्हणून घाबरू नये. अडचण आली की ती स्वतःच डॉक्टरला बोलावते.

इंग्रजी नीट येत नसेल, तर दुभाषी मागावा. त्याचे पैसे पडत नाहीत. नवऱ्यालाच दुभाषी करू नये. काही दुखणी बाई नवऱ्यासमोर सांगत नाही.

पैशाचे काय?

लांब मुदतीच्या व्हिसावर गेलेल्यांनी आरोग्यसेवेचे पैसे सहसा व्हिसाच्या वेळीच भरलेले असतात. त्यांना बाळंतपणाचे वेगळे बिल येत नाही. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला मात्र बिल येते, आणि ते मोठे असते. तरी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हाती पैसे नाहीत म्हणून तिथले सरकारी इस्पितळ बाळंतिणीला परत पाठवू शकत नाही. बिलाच्या भीतीने घरी बसून राहू नये. त्यात जीव जातो.

केव्हा थांबू नये?

अंगावरून रक्त गेले, पाणी गेले, ताप आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड किंवा हात एकाएकी सुजले, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच फोन करावा. मध्यरात्र असली तरी करावा. "सकाळी बघू" म्हणू नये. मिडवाइफचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. जीवावरचा प्रसंग असेल, तर ९९९ हा नंबर फिरवावा. रुग्णवाहिका येते.

घरी आल्यावर

सगळे ठीक असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. मग स्वयंपाक कोण करणार, पाणी कोण तापवणार, हे आधी ठरवावे. आई जाणार असेल, तर तिचा व्हिसा वेळेवर काढावा. पाहुण्यांचा व्हिसा सहसा सहा महिन्यांचा असतो. आईचा स्वतःचा विमाही हवा. परक्या देशात तीच आजारी पडली तर? तूप बरोबर नेऊ नये. दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप तिथल्या दुकानांत मिळते.

आईनेही थोडे नवे शिकावे. बाळाला मध चाटवू नये, काजळ घालू नये. उताणे, आपल्या खोलीतच पण वेगळ्या पाळण्यात निजवावे. सहा महिने फक्त अंगावरचे दूध. तेल लावून चोळणे, अंगाई म्हणणे, याला कोणी ना म्हणत नाही.

कागद विसरू नका

इंग्लंडात जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते. तिथे जन्मले म्हणजे बाळ तिथले नागरिक झाले, असे १९८३ पासून राहिलेले नाही. त्यासाठी आई किंवा बाप तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो. आईबाप दोघेही भारताचे नागरिक असतील, तर भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत बाळाची नोंद करावी. वर्ष उलटले, तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते.

आज लेकीचा फोन आला, तर चार गोष्टी विचारा. नाव नोंदवलेस का? मिडवाइफचा नंबर कुठे लिहिलास? रात्री दुखू लागले, तर बरोबर कोण येईल? घरी आल्यावर जेवण कोण करील? चारही उत्तरे मिळाली, की अर्धी काळजी मिटली.