सोनेरी की सोन्याचं? जुनं घड्याळ घेण्याआधी

ऐकायला वेळ नाही पण बसमध्ये वाचायला आहे, अशा सगळ्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत. सगळे निघाले नसतील.

यावेळचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. आपल्या एका श्रोत्याचे बाबा दोन महिन्यांनी रिटायर होतायत. त्याला त्यांना जुनं ओमेगा द्यायचंय. विक्रेत्याने फोटो पाठवलेत, '१९६० च्या दशकातलं, सॉलिड गोल्ड', किंमत ८५ हजार, आणि वर 'उद्यापर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे'. त्याचा प्रश्न एवढाच: खरं आहे का?

हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. केस खरंच सोन्याची आहे का? आतलं मशीन, डायल, काटे मुळापासून एकत्र आहेत का? आणि मागतायत तेवढं त्याचं मोल आहे का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. मुलामा दिलेलं घड्याळ शंभर टक्के अस्सल असू शकतं आणि सोन्याच्या केसमध्ये भलतंच मशीन बसवलेलं असू शकतं. विक्रेते नेमका इथेच घोळ घालतात. एका प्रश्नाचं चांगलं उत्तर देतात आणि पैसे तिन्हींचे मागतात.

आधी सोनं. आपल्या घरांमध्ये आजोबांचं म्हणून जे 'सोन्याचं' घड्याळ असतं, ते बहुतेक वेळा सोनेरी असतं. एचएमटीच्या एका मॉडेलचं तर नावच 'सोना' होतं, पण तो मुलामाच. यात फसवणूक नाही. फक्त भाव सोन्याचा लावायचा नसतो.

विक्रेत्याकडून पहिला फोटो मागायचा तो मागच्या झाकणाचा, आतून आणि बाहेरून. झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं कोरलं असेल तर वरची केस भरीव सोन्याची असण्याची शक्यता जवळपास नाहीच. '२० मायक्रॉन' किंवा 'प्लाके' असेल तर तो मुलामा. आकड्यापुढची अक्षरंही वाचा. '१८ के' दिसलं की आपण खूश होतो, पण पुढे 'जी.पी.' असेल तर प्लेटिंग, 'आर.जी.पी.' किंवा 'जी.एफ.' असेल तर पितळेसारख्या धातूवर चढवलेला सोन्याचा पत्रा. जुन्या अमेरिकन केसवर 'गॅरंटीड २० इयर्स' असतं. ती घड्याळाची वॉरंटी नाही, वरचा पत्रा झिजून जाणार नाही याची हमी होती. आणि खरं सोनं असेल तर त्याची हमी कोण कशाला देईल?

भरीव सोन्याच्या स्विस केसवर सहसा आतल्या बाजूला ०.७५० किंवा ०.५८५ असा आकडा आणि सोबत एक छोटा शिक्का असतो. १८ कॅरेटला हेल्वेशिया, म्हणजे एका बाईचं बाजूने दिसणारं डोकं. १४ कॅरेटला खार. हे शिक्के १८८० च्या स्विस कायद्यापासून चालत आले. १९९५ पासून त्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. म्हणजे १९६० चं म्हणून विकलेल्या घड्याळावर कुत्रा दिसला, तर काहीतरी जुळत नाहीये. शिक्का नकलीही असू शकतो, म्हणून तो एकटा पुरावा नाही. आपला बीआयएस हॉलमार्क नाही म्हणून मात्र घाबरू नका. हॉलमार्किंगच्या सक्तीतून सोन्याच्या घड्याळांना सूट आहे.

पुढची पायरी म्हणजे झीज. पट्टा अडकवतात ते कोपरे आणि चावीच्या आसपासची कड भिंगातून बघा. मुलामा तिथेच आधी उडतो आणि खालून पितळ किंवा पांढरा धातू डोकावतो. भरीव सोनंही झिजतं, पण आतून तोच रंग निघतो.

लोहचुंबक लावून बघितला, चिकटला नाही, म्हणजे सोनं? नाही हो. पितळही चिकटत नाही. व्हिनेगर, लिंबू वगैरे रील्समधले प्रयोग तर कृपा करून करू नका. सोनं कळणार नाही आणि डायल जाईल.

सोनाराकडे नेलंत तर तो मशीनवर टंच काढून देईल. चांगलं आहे, पण एक गोम आहे. ते एक्स-रेचं मशीन फक्त वरवरचे काही मायक्रॉन बघतं. जाड मुलामा असेल तर तेही फसतं आणि स्क्रीनवर ऐटीत ७५ टक्के दाखवतं. म्हणून मोजणी झाकणाच्या आतून आणि झिजलेल्या जागी करून घ्या.

आता हिशोब. समजा केस १८ कॅरेटची आहे आणि मशीन, काच, पट्टा काढून तिचं वजन १० ग्रॅम भरलं. शुद्ध सोनं साडेसात ग्रॅम. गुणिले त्या दिवशीचा २४ कॅरेटचा भाव, वजा सोनार मोडीत धरेल ती घट. ही झाली तळाची किंमत. पट्ट्यासकट सगळं घड्याळ काट्यावर ठेवून 'बघा, ४० ग्रॅम!' म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करायचा.

मुलाम्याचंही गणित करू, कारण ते डोळे उघडतं. नेहमीच्या आकाराच्या केसचा दिसणारा पृष्ठभाग धरा १२ चौरस सेंटिमीटर. त्यावर २० मायक्रॉनचा थर. सोनं, अगदी शुद्ध धरलं तरी, भरतं साधारण ०.४६ ग्रॅम. २० मायक्रॉन हा चांगला जाड मुलामा आहे, तरीही एवढंच.

पण खरी गंमत, आणि खरा धोका, डायलमध्ये आहे. आपल्याकडच्या बाजारात, मग तो पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोर बाजार असो की मोबाईलवरची जाहिरात, जुन्या डायल सर्रास नव्याने रंगवलेल्या असतात. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. अभिमान वाटावा असं नाव नाही ते! ओळखायचं कसं? फोटो झूम करा. अक्षरं जाड किंवा वाकडी आहेत का, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का, खाली सहाच्या आकड्यापाशी 'स्विस' किंवा 'स्विस मेड' आहे का की रंगवणारा विसरला. केसवर साठ वर्षांचे ओरखडे आणि डायल मात्र लग्नपत्रिकेसारखी कोरी, तर समजून जा. रंगवलेल्या डायलपेक्षा डाग पडलेली मूळ डायल जास्त मोलाची.

झाकण उघडल्यावर मशीनवर कंपनीचं नाव, कॅलिबर नंबर आणि ओमेगा असेल तर सीरियल नंबर दिसतो. त्या काळातल्या ओमेगाच्या मशीनला गुलाबी-तांबूस झाक असते. मशीनभोवती प्लास्टिकची रिंग घालून ते घट्ट बसवलं असेल, तर केस दुसऱ्याची आहे.

जुळवाजुळव फक्त फुटपाथवर होते असं समजू नका. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. २०२३ मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं. तिथे तज्ज्ञ होते, कॅटलॉग होता, सगळं होतं.

तर ८५ हजारांचं काय? माझं मत विचाराल तर, झाकणाच्या आतला फोटो आल्याशिवाय एक रुपयाही जीपे करू नका. आला, शिक्का बरोबर निघाला, डायल मूळ वाटली, तर भाव तळाच्या किमतीशी ताडून बघा. त्याच्या वरचे पैसे नावाचे, मशीनचे आणि अवस्थेचे. मुलाम्याचं निघालं, पण मशीन आणि डायल अस्सल असेल, तर तेही घ्यायला हरकत नाही. बाबांना ते तितकंच आवडेल, फक्त पैसे मुलाम्याच्या घड्याळाचे द्या. सर्व्हिसिंगचा खर्च आणि सुटे भाग मिळतात का, हे घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांना आधीच विचारून घ्या, कारण साठ वर्षांच्या मशीनला तेलपाणी लागणारच. आणि बिलावर 'केस १८ कॅरेट भरीव सोनं, डायल मूळ' असं लिहून मागा. बोलताना जो छातीठोक असतो, तो लिहिताना अडखळला तर उत्तर मिळालं.

'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' म्हणतो ना? घेऊ दे त्याला.