हात बोलतात तेव्हा



“बोलताना हात किती हलवता!” असे नातवंडे म्हणत असतील, तर हात आवरू नका. हातवारे ही खोड नाही. ते बोलण्याचेच एक अंग आहे.

१९९८ साली अमेरिकेतील जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी जन्मांध मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांनी कधीच कोणाचे हातवारे पाहिले नव्हते. तरी बोलताना त्यांचे हात हलत, ऐकणारा अंध आहे हे ठाऊक असतानासुद्धा. म्हणजे हातवारे आपण केवळ पाहून शिकत नाही आणि केवळ दुसऱ्यासाठी करतही नाही. एखादी वाट समजावताना किंवा अडलेला शब्द शोधताना ते आपल्यालाच मदत करतात.

हात आणि व्याकरण

“एवढे मोठे पापलेट आणले!” हे वाक्य हातांशिवाय अपुरे आहे. ‘एवढे’चा अर्थ दोन तळहातांमधल्या अंतरात असतो. फोनवर मात्र माप सांगावे लागते.

भाषेची घडणही हातांत उतरते. एखादी वस्तू उतारावरून घरंगळली, तर इंग्रजीत ते एकाच क्रियापदात सांगतात आणि हातही बहुधा गोल फिरत खाली येतो. तुर्की आणि जपानी लोक घरंगळणे व खाली जाणे वेगवेगळे सांगतात. त्यांचे हातही अनेकदा या दोन गोष्टी वेगळ्या दाखवतात. आपणही “घरंगळत खाली गेला” असे दोन क्रियापदांनी म्हणतो. तुमचा हात काय करतो, ते एकदा पाहा.

ठरलेल्या खुणा

शमा म्हणताना डोळ्यांवर हात ठेवणे, मेझुझाला बोटे लावून ती ओठांशी नेणे, सिनेगॉगमधली हातबोशी, या खुणा निराळ्या. त्यांना शब्दांची गरज नसते, पण अर्थ समाजाने ठरवलेला असतो. म्हणून परक्या ठिकाणी घोटाळा होतो.

राणी एलिझाबेथ यांच्या १९५३ मधील राज्याभिषेकावरून नाव मिळालेल्या सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये मुलांकडे राहायला गेलात, तर बाजारात हे लक्षात ठेवा. अंगठा आणि तर्जनी उघडली की आपण ‘दोन’ समजू. चिनी पद्धतीत ते ‘आठ’. अंगठा आणि करंगळी म्हणजे ‘सहा’. आपली होकाराची मान डोलावणेही नर्सला ‘नाही’ वाटू शकते. दवाखान्यात तोंडाने स्पष्ट ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणा आणि गोळ्या किती व कधी घ्यायच्या, हे नेहमी लिहून घ्या.

शब्द अचानक हरवले तर

म्हातारपणी एखादे नाव चटकन न आठवणे सामान्य आहे. पण बोलणे अचानक अडखळले, शब्द भलतेच येऊ लागले किंवा दुसऱ्याचे बोलणे कळेनासे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम मुख्यतः डाव्या बाजूला चालते आणि उजवा हातही तीच बाजू चालवते. म्हणून वाचा आणि उजवा हात अनेकदा एकदम जातात.

अशा वेळी तीन गोष्टी पाहा. हसताना चेहरा एका बाजूला वाकडा होतो का? दोन्ही हात उचलल्यावर एक खाली येतो का? बोलणे अस्पष्ट आहे का? यातले एक जरी दिसले, तरी ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा: सिंगापुरात ९९५, भारतात १०८ किंवा ११२, इस्राएलमध्ये १०१. त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. खायला-प्यायला किंवा मनाने गोळी देऊ नका. दहा मिनिटांत बरे वाटले, तरी रुग्णालयात जाच.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाची बुद्धी गेलेली नसते. त्याला घाई करू नका, वाक्य तुम्ही पुरे करू नका. वस्तू दाखवा, त्याला बोट दाखवू द्या, चित्र काढू द्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे लवकर न्या. जीभ अडते तेव्हा हात पुष्कळ काही सांगतात. आपण मात्र त्यांच्याकडे पाहिले पाहिजे.