राष्ट्रीय क्रीडासंस्थांचे कारभारी

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, या शहराबाहेर वाळूजची औद्योगिक वसाहत आहे आणि त्या वसाहतींतच बजाजनगर ही कामगारांची वस्ती आहे. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आणि त्याच्या मागोमाग आलेल्या इतर कारखान्यांच्या आधारानें ही वस्ती वाढली. पाळीवर जाणाऱ्या अशा एखाद्या कुटुंबांतील मुलगी चपळ निघाली, शाळेच्या शर्यतींत सतत पहिली येऊं लागली, म्हणजे आईबापांपुढें प्रश्न उभा राहतो: हिला शिकवावें कोठें, आणि पुढें पाठवावें कोणीं?

शिकविण्याचें ठिकाण फार दूर नाहीं. शहराच्या दुसऱ्या बाजूस, लेण्यांच्या डोंगराजवळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारांत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचें केंद्र आहे. तेथील मैदान डोळ्यांना दिसतें. प्रशिक्षक प्रत्यक्ष भेटतो. परंतु देशांत अशीं केंद्रें किती असावींत, त्यांवर किती पैसा खर्च व्हावा, कोणत्या योजना चालवाव्या आणि कोणत्या थांबवाव्या, हें ठरविणारीं माणसें त्या मैदानावर दिसत नाहींत. तीं दिल्लीस एका मेजाभोवतीं बसतात. तीं माणसें कोण, त्यांना तेथें बसविलें कोणीं, त्यांची मुदत किती, आणि त्यांचें चुकलें तर जाब कोण विचारतो, या चार प्रश्नांचीं उत्तरें ठाऊक असणें हें त्या मुलीच्या आईबापांच्याही हिताचें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. खेळाचा कारभार एकाच संस्थेच्या हातीं आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तो निरनिराळ्या संस्थांत वाटलेला आहे. पहिली संस्था म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरण. ही सरकारची. केंद्रें चालविणें, प्रशिक्षक नेमणें, मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय करणें, राष्ट्रीय शिबिरें भरविणें, हीं तिचीं कामें. दुसऱ्या म्हणजे प्रत्येक खेळाच्या राष्ट्रीय संघटना: कुस्तीची वेगळी, फुटबॉलची वेगळी, कबड्डीची वेगळी. या स्वायत्त असतात आणि आपापल्या जागतिक संघटनांशीं जोडलेल्या असतात. स्पर्धा भरविणें आणि देशाचा संघ निवडणें हा अधिकार त्यांचा. ऑलिंपिकसारख्या क्रीडासमारोहास देशाचें पथक पाठविणारी भारतीय ऑलिंपिक संघटना ही तिसरी. तेव्हां खेळाडूला अन्न आणि शिक्षण एका दारीं मिळतें, पण संघांतील जागा दुसऱ्या दारीं मागावी लागते. या दोन दारांमागें बसणारे कारभारीही दोन जातींचे आहेत. एक नेमलेले, दुसरे निवडून आलेले.

नेमलेल्यांची कथा अशी. १९८२ सालीं दिल्लीस आशियाई क्रीडासामने भरले. त्यांसाठीं मोठमोठीं क्रीडांगणें उभीं राहिलीं. सामने संपल्यावर त्यांची निगा कोणीं राखावी आणि त्यांचा उपयोग खेळाडूंना कसा व्हावा, हा प्रश्न उरला. त्यांतून १९८४ सालीं प्राधिकरणाचा जन्म झाला. पुढें १९८७ सालीं पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था चालविणारें मंडळही त्यांत विलीन झालें, आणि प्रशिक्षक घडविण्याचें कामही प्राधिकरणाकडे आलें.

कायद्याच्या दृष्टीनें प्राधिकरण म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीं नोंदलेली एक संस्था. गांवोगांवच्या अनेक वाचनालयांची आणि शिक्षणमंडळांची नोंदणी ज्या कायद्याखालीं झाली, तोच हा कायदा. त्यामुळें तिचा सांगाडाही ओळखीचाच आहे: वर सर्वसाधारण सभा आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारें नियामक मंडळ. या मंडळाचे अध्यक्ष केंद्रीय क्रीडामंत्री असतात. खात्याचे सचिव, खर्चाची बाजू पाहणारे अधिकारी आणि सरकारनें नेमलेले नामवंत खेळाडू हे सभासद असतात. मंडळानें ठरविलेलें अंमलांत आणण्याचें काम महासंचालकांकडे असतें.

या रचनेचा गुण असा कीं पैसा सरकारचा, त्याचा हिशेबही सरकारी तपासणीखालीं येतो आणि मंत्र्यांना संसदेंत प्रश्न विचारतां येतात. तिचा दोषही त्यांतच आहे. मंत्री बदलले कीं अध्यक्ष बदलतात. सचिवांची बदली झाली कीं त्यांच्या जागीं नवा माणूस येतो. धावपटू घडण्यास आठदहा वर्षें लागतात, आणि तिच्याविषयीं निर्णय घेणारा माणूस मात्र दोनतीन वर्षांतही दुसऱ्या खात्यांत जाऊं शकतो. म्हणून मंडळावरील खेळाडू सभासदांना महत्त्व येतें. मैदानाची आठवण त्यांच्यापाशीं असते. २०१४ सालीं सुरू झालेल्या ऑलिंपिक पदकांच्या योजनेंत, कोणत्या खेळाडूस मदत द्यावी हें ठरविणाऱ्या समितींतही माजी खेळाडूंना स्थान दिलेलें आहे, तें याच कारणानें. त्या योजनेच्या मुख्य यादींत नांव आलें म्हणजे खेळाडूस शिक्षणखर्चाखेरीज हातखर्चासाठीं दरमहा ५०,००० रुपये मिळूं लागले. समितीच्या एका ओळीच्या ठरावाला घरच्या ताळेबंदांत केवढी किंमत असते, हें त्यावरून दिसेल.

आतां निवडून येणाऱ्या कारभाऱ्यांकडे वळूं. त्यांची परंपरा जुनी आहे आणि तिचा उगम महाराष्ट्रांत आहे. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं तेथें अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले आणि त्यांच्या वेळा युरोपांतील धावपटूंच्या वेळांशीं ताडून पाहण्याजोग्या आहेत, हें त्यांच्या लक्षांत आलें. त्यांच्या पुढाकारानें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी पथक गेलें. १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्यामागून पतियाळाचे महाराज भूपेंद्रसिंह आणि नंतर त्यांचे पुत्र यादवेंद्रसिंह त्या पदावर आले. यादवेंद्रसिंह १९३८ पासून १९६० पर्यंत अध्यक्ष होते. हा आश्रयदात्यांचा काळ. ज्याच्या पदरीं पैसा त्याच्या हातीं संस्था, अशी ती रीत होती. आणि त्या वेळीं दुसरा पैसा देणारा कोण होता?

त्या रीतीनें काय साधे आणि काय बिघडे, हें कराडजवळच्या गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधवांच्या गोष्टींत दिसतें. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले होते. १९५२ सालीं हेलसिंकीला जाणाऱ्या चमूंतून मात्र ते वगळले गेले. निवड अन्यायाची झाली असें त्यांना वाटलें. पण दाद मागावी कोठें? तक्रार ऐकणारी स्वतंत्र समिति नव्हती, अपिलाचा नियम नव्हता. त्यांनीं थेट यादवेंद्रसिंह महाराजांकडे धांव घेतली. महाराज स्वतः खेळाडू होते, कसोटी क्रिकेट खेळलेले. कुस्ती पुन्हां लावण्यांत आली, जाधवांनीं ती जिंकली आणि त्यांचें नांव यादींत आलें. मग प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. बाकीची लोकांनीं वर्गणी दिली. हेलसिंकीस जाधवांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताला व्यक्तिगत स्पर्धेंत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें.

ही गोष्ट नेहमीं जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती जिद्दीची आहेच. पण कारभाराच्या दृष्टीनें तिचा अर्थ निराळा आहे. जाधवांना न्याय मिळाला तो महाराज भला माणूस निघाला म्हणून. तो नियमानें मिळाला नव्हता. ज्या पहिलवानाला महाराजांपर्यंत पोंचतां आलें नाहीं, त्याचें काय झालें असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं. मंडळाचे सभासद चांगले असावेत ही अपेक्षा रास्तच आहे; परंतु ते चांगले नसले तरीही खेळाडूचें नुकसान होऊं नये, अशी व्यवस्था असणें अधिक महत्त्वाचें.

राजेमहाराजांचा काळ सरल्यावर संघटनांत निवडणुका आल्या. मात्र तेथें मत खेळाडूंना नसे. जिल्हासंघटना मिळून राज्यसंघटना आणि राज्यसंघटना मिळून राष्ट्रीय संघटना, अशी ही उतरंड असते. आणि मत देतात ते राज्यसंघटनांचे प्रतिनिधि. त्यांना सांभाळलें कीं अध्यक्षपद वर्षानुवर्षें टिकवितां येतें. त्यावर लगाम म्हणून सरकारनें २०११ सालीं राष्ट्रीय क्रीडासंहिता काढली: अध्यक्षास जास्तींत जास्त तीन मुदती, म्हणजे बारा वर्षें, पदाधिकाऱ्यांस सत्तर वर्षांची वयोमर्यादा, आणि वेळच्या वेळीं निवडणूक.

मुदत न पाळल्यास काय होतें, हें २०२२ सालीं फुटबॉलनें दाखविलें. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्यें संपली. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयांत होता आणि निवडणूक लांबली. १८ मे २०२२ रोजीं न्यायालयानें जुनी समिति दूर करून तिघा प्रशासकांच्या हातीं कारभार दिला. बाहेरच्यांनीं कारभार पाहणें जागतिक संघटनेच्या नियमांत बसेना. तिनें १५ ऑगस्ट २०२२ रोजीं भारतीय महासंघास निलंबित केलें. त्या वेळीं देशांतील महिला विजेता संघ, केरळचा गोकुळम, आशियाई स्पर्धेसाठीं ताश्कंदास पोंचलेला होता. त्या मुलींना न खेळतांच परतावें लागलें. सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा ऑक्टोबरांत भुवनेश्वर, गोव्यांतील मडगांव आणि नवी मुंबई येथें व्हावयाची होती. तीही हातची जाण्याची वेळ आली. न्यायालयानें प्रशासकांस निवृत्त केलें, २६ ऑगस्टला निलंबन उठलें आणि स्पर्धा ठरल्याप्रमाणें पार पडली. वाद थोरांचा होता. त्याचा दंड ताश्कंदाहून परतलेल्या मुलींनीं भरला.

त्याच वर्षीं दुसरी एक गोष्ट घडली, तीही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २ सप्टेंबरच्या फुटबॉलच्या निवडणुकींत अध्यक्षपदाचे दोनही उमेदवार पूर्वींचे खेळाडू होते. आणि १० डिसेंबरला धावपटू पी. टी. उषा भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. उद्योगपतीपासून महाराजांकडे आणि पुढाऱ्यांकडे गेलेली ही खुर्ची प्रथमच एका स्त्री खेळाडूकडे आली.

२०२५ सालच्या ऑगस्टांत संसदेनें राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. संहितेमागें पूर्वीं मुख्य बळ होतें तें मान्यता आणि अनुदान काढून घेण्याचें. तिला आतां कायद्याचें रूप आलें. त्यान्वयें राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या कार्यकारी समितींत पंधराहून अधिक सभासद असूं नयेत. त्यांत निदान दोन नामवंत खेळाडू आणि चार स्त्रिया असाव्यात. सलग तीन मुदतींनंतर पदाधिकाऱ्यानें एक मुदत बाहेर रहावें. संघटनांना मान्यता देण्यासाठीं राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि तंटे सोडविण्यासाठीं राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण यांचीही तरतूद त्यांत आहे. मात्र सत्तरीच्या मर्यादेला सूटही मिळाली: जागतिक संघटनेच्या नियमांत बसत असेल तर सत्तर ते पंचाहत्तर वर्षांच्या व्यक्तीसही निवडणूक लढवितां येईल.

या कायद्यानें सर्व कांहीं साधेल असें मात्र समजूं नये. क्रीडा मंडळाच्या सभासदांची नेमणूक केंद्र सरकारच करणार. संघटनांवर नजर ठेवणाऱ्यांवर नजर कोणीं ठेवावी, हा प्रश्न त्यामुळें उरतोच. सरकारचा हात अगदीं आखडला तर संघटना कांहीं घराण्यांच्या होतात. तो फार पुढें आला तर जागतिक संघटना दार लावून घेतात. या दोहोंमधील वाट नियमांनीं आंखतां येते, पण तिच्यावरून चालणें माणसांकडेच असतें.

आणि हीं माणसें कांहीं निराळ्या मातीचीं नसतात. बजाजनगरांतील कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला हा कारभार शिकविण्याची गरज नाहीं. दरवर्षीं ३० सप्टेंबरपूर्वीं वार्षिक सभा व्हावी, इतिवृत्त वाचलें जावें, हिशेब तपासलेले असावेत, पांच वर्षांनीं समितीची निवडणूक व्हावी, हें त्याला पाठ असतें. पाण्याच्या टाकीवर झालेल्या खर्चाची पावती तो खजिनदाराकडे निःसंकोच मागतो. तीच संवय त्यानें जिल्ह्याच्या क्रीडासंघटनेपर्यंत नेली पाहिजे. संघटनेची निवडणूक शेवटची केव्हां झाली? निवडचांचणीचे निकष आधीं जाहीर झाले होते काय? समितींत खेळाडू किती, स्त्रिया किती? मुलीचें नांव वगळलें गेलें तर लेखी कारण मिळेल काय, आणि अपील कोणाकडे करावयाचें? जिल्ह्याच्या समितीवरूनच राज्याची आणि राज्याच्या समितीवरून राष्ट्राची उभी राहते. दिल्लीच्या मेजापर्यंत प्रत्येक बापाचा आवाज पोंचणार नाहीं. पण त्या मेजाची पहिली पायरी त्याच्याच जिल्ह्यांत आहे.

१९५२ सालीं खाशाबा जाधवांना एका महाराजाच्या आणि एका प्राचार्याच्या चांगुलपणावर विसंबावें लागलें. वाळूजच्या कामगाराची मुलगी उद्यां चांचणीला उभी राहील, तेव्हां तिच्यासाठीं कोणीं घर गहाण टाकण्याची आणि कोणा थोराचे पाय धरण्याची वेळ येऊं नये. तिनें धांवावें, वेळ नोंदली जावी आणि त्या नोंदीप्रमाणें निर्णय व्हावा. कारभारी मंडळें असतात तीं एवढ्याचसाठीं.